दोन माणसांची गाडी

सत्तारशेठ वारले त्याला दोन वर्षं होत आली तरी केसरीनाथ दर शुक्रवारी दुपारी यायचा. शुक्रवारी भिवंडीचे लूम बंद. एरवी शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे अशा त्या गल्लीत त्या दिवशी कावळ्याचा आवाजसुद्धा ऐकू यायचा. केसरीनाथ पडघ्याहून एस.टी.ने यायचा, कारखान्यामागच्या शेडचं दार सरकवायचा, गाडीवरचं मांजरपाटाचं कापड काढून घडी घालायचा आणि इंजिन सुरू करायचा. दहा मिनिटं ते चालू ठेवून कान देऊन ऐकायचा. मग बंद करून, गाडी पुसून, कापड घालून जायचा. चहा दिला तर घ्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

गाडी एम.जी. होती, १९५२ सालची. लांब नाकाची, बाहेर आलेल्या गोल दिव्यांची, कापडी छपराची, गडद हिरवी. माणसं बसणार दोनच. सत्तारशेठनी ती मोडक्या अवस्थेत एका पारशी गृहस्थाकडून घेतली आणि केसरीनाथला म्हणाले, "जमेल?" केसरीनाथ त्यांच्या कारखान्यातला फिटर. लूम उघडून जोडणं हे त्याचं काम. मोटार त्याने कधी उघडली नव्हती. त्याने आठवडाभर नुसती गाडीभोवती चक्कर मारली आणि मग पाना उचलला. तीन वर्षं सगळे शुक्रवार त्यात गेले. मिळाले नाहीत ते भाग त्याने लेथवर करून घेतले. दाराचा तुटलेला पट्टा लूमच्या चामडी पट्ट्यातून कापून शिवला, तो अजून तसाच होता. गाडी धावायला लागली तेव्हा सत्तारशेठनी अख्ख्या गल्लीला शीरखुर्मा वाटला.

आता लूम शेठची बायको जुबैदा सांभाळायची. बेचाळीस वर्षांची, उंच, डोक्यावरची ओढणी कधी न ढळणारी बाई. चोवीस लूम, दोन शिफ्ट, कामगारांची भांडणं, सुताचे व्यापारी, सगळं तिच्यावर. वर सासू मेहरुन्निसा. तिला गल्लीभर अम्मा म्हणत. सत्तरी गाठलेली, गुडघ्यांनी बेजार, जिभेने मात्र तरतरीत.

१९८६च्या नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी जुबैदा चहा घेऊन शेडमध्ये आली. इंजिन चालू होतं. ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "केसरीनाथभाऊ, नुसतं इथल्या इथे चालू करून किती दिवस ठेवायची? बाहेर काढा ना. वडप्यापर्यंत जाऊन या."

केसरीनाथने इंजिन बंद केलं. फडक्याने हात पुसले. बराच वेळ पुसले.

"तुमी घेऊन जा भाभी. तुमाला येतंय चालवायला."

"मला फियाट येते. या गाडीला मी कधी हात लावला नाही. तुम्ही जा."

"मना येत न्हाय."

"काय येत नाही?"

"गाडी चालवायला."

जुबैदाला वाटलं तो थट्टा करतोय. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिच्या लक्षात आलं की तो थट्टा करत नाही. या माणसाने या गाडीचा प्रत्येक स्क्रू हाताने बसवला होता. इंजिनात काय बिघडलंय ते तो रस्त्याच्या पलीकडून ऐकून सांगायचा. आणि गाडी धावायला लागून सतरा वर्षं झाली, तरी तो नेहमी डाव्या सीटवरच बसला होता.

"कधी शिकलाच नाहीत?"

"न्हाय जमलं," तो म्हणाला आणि चहाचा कप उचलला.

रात्रीच्या जेवणाला तिने अम्माला हे सांगितलं. अम्मा भाकरीचा तुकडा हातात धरून थांबली. "का, तुला आठवत नाही? गाडी पहिल्यांदा चालू झाली त्या दिवशी सत्तारने त्याला बसवलं होतं की. म्हणाला, पहिला मान तुझा. सगळी गल्ली जमली होती. त्याने सोडला क्लच, गाडीने मारली उडी आणि गेली ती पाण्याच्या पिंपावर. पिंप उलटलं, शेजारचा सुताचा ढीग भिजला. किती हसली माणसं. सत्तार तर पोट धरून हसला."

जुबैदाला आठवलं. नवीन लग्न झालेलं होतं. ती वर गॅलरीत उभी होती. खाली तो ओलाचिंब माणूस स्टिअरिंग धरून बसला होता, आणि ती तोंडावर ओढणी धरून हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

तिने जेवण अर्धं टाकलं.

पुढच्या आठवड्यात तिने वर्तमानपत्रात चौकटीतली बातमी वाचली. मुंबईचा कुठलासा मोटार क्लब फेब्रुवारीतल्या एका रविवारी कल्याणपलीकडच्या लढाईच्या काळातल्या ओसाड धावपट्टीवर नवशिक्यांचा दिवस ठेवणार होता. शर्यत नाही, बक्षीस नाही. ज्यांनी कधी मोकळ्या पट्टीवर गाडी पळवली नाही अशांनी आपली जुनीनवी गाडी आणावी, सोबत शिकवणारा बसेल, सहा फेऱ्या मिळतील. शिकाऊ लायसन्सही चालेल. शुक्रवारी तिने ते कात्रण केसरीनाथपुढे ठेवलं.

"हे काय?"

"गाडी न्यायची आहे. नाव तुमचं दिलंय."

"भाभी, मी बावन्न वर्साचा हाय."

"नवशिक्यांचा दिवस आहे. वय विचारलेलं नाही."

"लायसन न्हाय."

"काढू. तीन महिने आहेत. मी शिकवते."

त्याने कात्रणाची घडी घालून ते खिशात ठेवलं. नाही म्हणाला नाही.

अडचण वेगळीच निघाली. विधवा बाई आणि कारखान्यातला परका गडी दोघंच गाडीतून फिरणार, तर गल्लीची तोंडं कोण धरणार? अम्मा म्हणाली, "मी येते मागे." आणि खरंच आली. तीन महिने, दर शुक्रवारी नमाजानंतर, फियाटच्या मागच्या सीटवर उशी पाठीशी घेऊन, हातात तसबीहची जपमाळ घेऊन ती बसायची. वडप्याच्या पुढे भातकापणी झालेल्या शेतांमधून एक कच्चा रस्ता जायचा. तिथे जुबैदा त्याला शिकवायची.

पहिले तीन शुक्रवार वाईट गेले. केसरीनाथचे हात, ज्या हातांनी तो केसाएवढी फट बोटाने ओळखायचा, ते स्टिअरिंगवर लाकडासारखे व्हायचे. क्लच सोडताना तो डोळे मिटून घ्यायचा. गाडी आचके देऊन बंद पडायची आणि मागून अम्माच्या तसबीहचा वेग वाढायचा.

"डोळे उघडे ठेवा," जुबैदा म्हणायची.

"मिटले तर नीट ऐकू येतंय."

"ऐकू येऊन काय करायचं? समोर बैल आहे."

एकदा त्याने गाडी बांधावर चढवली. तिघं खाली उतरले. शेतातला एक माणूस, काळूराम, केसरीनाथचा लांबचा मेव्हणा निघाला. त्याने विचारलं, "काय रे केसऱ्या, या वयात?" केसरीनाथ मान खाली घालून चाकापुढची ढेकळं काढत राहिला. अम्मा काठी टेकत काळूरामपुढे गेली आणि म्हणाली, "तू शिकलास का? नाही ना? मग धक्का मार."

चौथ्या शुक्रवारी जुबैदाने शिकवायची रीत बदलली. आधी ती "आता दुसरा गियर, आता तिसरा" असं सांगायची. त्या दिवशी म्हणाली, "मी काहीच सांगणार नाही. इंजिन सांगेल तेव्हा बदला." केसरीनाथने तिच्याकडे पाहिलं. मग गाडी सुरू केली, आणि आवाज चढत जाऊन नेमका जिथे ताणल्यासारखा झाला तिथे गियर बदलला. आवाज खाली बसला. एक आचका नाही, खरखर नाही. मागून अम्मा म्हणाली, "या अल्ला, झोप लागेल आता."

जानेवारीत ठाण्याला जाऊन शिकाऊ लायसन्स झालं. रस्त्यावरच्या खुणांच्या पाट्या त्याच्याकडून बायकोने पाठ करून घेतल्या होत्या. राहीबाई पडघ्याच्या बाजारात सुकी मासळी विकायची; तिला वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघून ती त्याला विचारायची आणि तो उत्तरं द्यायचा. एम.जी. मात्र अजून त्याने चालवली नव्हती. जुबैदाने दोनदा म्हटलं. तो म्हणाला, "त्या दिवशीच. आधी न्हाय."

तो रविवार उजाडला. एम.जी.त जुबैदा स्टिअरिंगवर, शेजारी केसरीनाथ. मागे कापडाच्या ताग्यांचा टेम्पो, त्यात ड्रायव्हर लडकू, पाण्याचे डबे, हत्यारांची पेटी, जेवणाचे डबे आणि लडकूशेजारी अम्मा. तिला घरी राहायला सांगायची कोणाची हिंमत झाली नव्हती.

धावपट्टी म्हणजे गवतातून गेलेला रुंद, भेगाळलेला सिमेंटचा पट्टा. दोन्ही टोकांना डांबराचे रिकामे ड्रम मांडलेले. मध्ये जुने टायर एकाआड एक ठेवून नागमोडी वाट केलेली. सरळ पळवायचं, ड्रमला वळसा घालायचा, टायरांमधून परत यायचं. वीसेक गाड्या होत्या. बहुतेक नव्या मारुती, काही फियाट, एक जुनी जीप. हिरवी एम.जी. आत आली तशी माणसं भोवती गोळा झाली. कोणी बॉनेटवरून हात फिरवला, कोणी साल विचारलं. शिकवणाऱ्यांपैकी चांगदेव नावाचा एक बुटका, उन्हाने रापलेला माणूस वही घेऊन आला. "केसरीनाथ कोण?"

केसरीनाथ म्हणाला, "आधी भाभी चालवतील. मी पाणी-हवा बघतो."

जुबैदाने त्याच्याकडे पाहिलं. तो बॉनेट उघडायला लागला होता. तिने ओढणी घट्ट गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवलं आणि चांगदेवला शेजारी घेऊन निघाली.

तिला वाटलं होतं भीती वाटेल. पहिल्या फेरीला वाटलीही. दुसऱ्या फेरीला सरळ पट्टीवर वारा समोरच्या काचेवरून उडी मारून तोंडावर आला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात ना सूत होतं, ना शिफ्ट, ना कोणाचा पगार. ड्रमपाशी तिने फार उशिरा ब्रेक मारला. गाडी तिरपी झाली, सावरली. चांगदेव शांतपणे म्हणाला, "आता ब्रेक वळणाच्या आधी." पुढच्या वेळी तिने आधी मारला. सहा फेऱ्या संपवून ती परत आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता आणि लडकू टाळ्या वाजवत होता.

केसरीनाथ मात्र जागेवर नव्हता.

एका फियाटचं इंजिन अडखळत होतं. त्याने ऐकलं, जाऊन प्लग काढला, साफ केला, बसवला. शेजारच्या जीपवाल्याने ते पाहिलं. मग आणखी एकाने हाक मारली. दुपारी बारापर्यंत त्याने चार गाड्या उघडल्या होत्या आणि त्याच्याभोवती घोळका जमला होता. चांगदेव दोनदा येऊन गेला. "तुमच्या फेऱ्या राहिल्यात." "येतो, हे एवढं करून येतो." जुबैदा गेली तर तिलाही तेच सांगितलं, खाली मान घालून.

ती टेम्पोपाशी परत आली. "नाही बसणार ते," ती अम्माला म्हणाली. "जाऊ दे. मी उगाच जबरदस्ती केली."

अम्माने दार उघडायला सांगितलं. लडकूने हात दिला. ती काठी टेकत, थांबत, गवतातून त्या फियाटपाशी गेली. खालून केसरीनाथचे दोन पाय बाहेर आले होते. तिने काठीने एका चपलेवर टोचलं.

"केसरीनाथ, बाहेर ये."

"अम्मा, हे जरा—"

"बाहेर ये म्हणते ना."

तो सरपटत बाहेर आला. कपाळावर काळं ग्रीस.

"तीन महिने मी मागच्या सीटवर हाडं खिळखिळी करून घेतली," अम्मा म्हणाली, "ती तुला दुसऱ्यांच्या गाड्यांखाली बघायला?" मग आवाज खाली आणून, फक्त त्याला ऐकू जाईल असं, "मला भीती वाटते म्हणून सांग. मी इथेच उभी राहते. पण काम आहे म्हणून सांगू नकोस."

केसरीनाथने ग्रीसचे हात बघितले. "वाटते, अम्मा."

"मग? मलाही वाटते. दर शुक्रवारी वाटायची. तरी बसले ना मी?"

त्याने हात धुतले. साबण लावून दोनदा धुतले. आणि सतरा वर्षांनी एम.जी.च्या उजव्या सीटवर जाऊन बसला.

शेजारी चांगदेव. केसरीनाथने इंजिन सुरू केलं, क्लच दाबला, पहिला गियर टाकला, क्लच सोडला. गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

मागे उभ्या असलेल्या पोरांपैकी कोणीतरी हसलं.

जुबैदाला फक्त केसरीनाथची मान दिसत होती. ती हलली नाही. चांगदेव काहीतरी बोलला. नंतर त्यानेच सांगितलं काय ते: "सकाळी माझी गाडीसुद्धा दोनदा बंद पडली. गाडी ओळखीशिवाय हलत नाही." त्यावर केसरीनाथ म्हणाला होता, "वळख हाय. आमी फक्त या बाजूने कधी बोललो न्हाय."

पुन्हा इंजिन सुरू झालं. या वेळी गाडी हलकेच सरकली आणि निघाली.

पहिली फेरी इतकी सावकाश होती की सायकलवाला पुढे गेला असता. दुसरी तशीच. टायरांच्या वाटेत त्याने एक टायर लोळवला. तिसऱ्या फेरीला, सरळ पट्टीवर, जुबैदाने आवाज ऐकला आणि तिला कळलं. आवाज चढला, चढला, नेमका जिथे ताणला तिथे बदलला, पुन्हा चढला. ड्रमच्या आधी खाली उतरला, वळणात जरासा घुमला आणि परत मोकळा झाला. सगळे बोलायचे थांबून बघत होते. गाडी फार वेगात नव्हती. त्या दिवशी मारुतीवाल्यांनी तिच्याहून कितीतरी जोरात पळवल्या होत्या. पण त्यांच्यापैकी कोणाची गाडी इतकी गुण्यागोविंदाने चालली नव्हती.

चार फेऱ्यांनंतर चांगदेव उतरला. "माझं काही काम उरलं नाही. शेजारी कोणी लायसन्सवालं बसा आणि उरलेल्या दोन घेऊन टाका."

जुबैदा डाव्या सीटवर बसली. त्या बाजूने गाडी तिला अनोळखी वाटली. पट्टी समोर पसरलेली, लांब टोकाला उन्हात थरथरणारे ड्रम. गाडी निघाली. तिने मनात ठरवलेलं होतं घरी जाताना बोलायचं, पण तोंडातून तिथेच निघालं.

"केसरीनाथभाऊ, ते पिंप उलटलं त्या दिवशी मीही हसले होते."

"ठाऊक हाय. तुमी वर गॅलरीत होता."

"मला माफ करा."

"आता बोलू नका भाभी, ड्रम येतंय."

त्याने वेग उतरवला, वळसा घेतला, टायरांमधून गाडी अलगद काढली. एकाही टायरला धक्का नाही. सरळ पट्टीवर परत आल्यावर तो समोरच बघत म्हणाला, "हसलात त्याचं वाईट न्हाय वाटलं. हसण्यासारखंच होतं. दुसऱ्या शुक्रवारी शेठ परत बोलला असता ना, बस म्हणून, तर मी बसलो असतो. मी वाट बघितली. तो बोलला न्हाय. त्याला वाटलं मना नको वाटेल. आणि मी मागितलं न्हाय."

जुबैदाला सत्तारशेठचा चेहरा दिसला. पोटभर हसणारा, दुसऱ्या दिवशी सगळं विसरून जाणारा, मनाने मोठा आणि एवढंसं काही लक्षात न येणारा माणूस. तिला त्यांची आठवण इतकी जोरात आली की तिने दाराचा पट्टा मुठीत धरला. त्यांच्यावर राग आला होता, आणि त्या रागाने ते एकदम जिवंत, जवळ बसल्यासारखे वाटले.

"ते चुकले," ती म्हणाली.

"माणूस चांगला होता," केसरीनाथ म्हणाला. मग गियर बदलून, "आता जोरात घेऊ काय?"

"घ्या."

त्याने घेतली.

परत येताना हमरस्त्यावर गाडी जुबैदाने चालवली. केसरीनाथ डाव्या सीटवर बसून आपले हात मांडीवर उलटेसुलटे करून बघत होता आणि मधूनच हसत होता. अम्मा टेम्पोत लडकूच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती.

एप्रिलमध्ये त्याचं पक्कं लायसन्स झालं. त्यानंतरच्या एका बुधवारी, दोन्ही शिफ्ट चालू असताना, तो कारखान्याच्या ऑफिसात आला. कामाच्या दिवशी तो कधी लूम सोडून वरच्या ऑफिसात यायचा नाही. लूमच्या खडखडाटात त्याला दोनदा बोलावं लागलं.

"भाभी, रविवारी गाडी पाहिजे होती. राहीला माहेरी न्यायचं हाय. ती कधी मोटारीत पुढच्या सीटवर बसली न्हाय."

जुबैदाने ड्रॉवर उघडून चावी काढली. कधी आणणार विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी तो गाडी परत घेऊन आला. बॉनेटवर धूळ, चाकांना लाल माती. जुबैदा खाली गेली. "काय म्हणाल्या राहीबाई?"

"काय बोलणार? सगळी वाट डोळे मिटून बसली होती," केसरीनाथ म्हणाला. "पण उतरताना बोलली, आता पुढच्या टायमाला उघडे ठेवीन."